शब्दाला फिरलेले मालक : यिर्मया ३४ वाचताना



मागच्या दोन व्याख्यानांत आपण निर्गमाचं पुस्तक वाचलं. विटा, फारो, दहा पीडा, समुद्र, सगळं झालं. त्या दिवशी जिना उतरताना एका श्रोत्यांनी आम्हाला गाठलं आणि विचारलं, ‘‘हे सगळं ठीक आहे हो, पण हे सुटलेले लोक पुढे स्वतः गुलाम ठेवत होते की नाही?’’ एका शब्दात उत्तर द्यायचं तर, होय, ठेवत होते. पण एवढ्यावर त्या गृहस्थांची बोळवण करणं बरं नव्हे. म्हणून आज ठरलेला विषय बाजूला ठेवून आपण यिर्मयाच्या पुस्तकाचा चौतिसावा अध्याय घेऊ. आठव्या वचनापासून शेवटपर्यंत. जेमतेम पंधरा वचनं. इब्री शास्त्रात गुलामगिरीवर पुष्कळ लिहिलेलं आहे, पण आमच्या मते त्या सगळ्यात हा मजकूर सर्वांत अवघड आहे, आणि सर्वांत कमी वाचला जातो.

प्रसंग असा. यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया. त्याला गादीवर बसवलं तेही बाबेलच्या नबुखद्नेस्सरानेच, इ. स. पू. ५९७ मध्ये. पुढे त्याने बाबेलविरुद्ध बंड केलं आणि खास्द्यांची फौज यरुशलेमेवर येऊन बसली. अध्यायाच्या सुरुवातीला एक कोरडी नोंद आहे, की यहूदाच्या तटबंदीच्या नगरांपैकी आता लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती. ही नोंद कोरडी असली तरी खोटी नाही. १९३५ साली लाखीशच्या उत्खननात शाईने लिहिलेले खापराचे तुकडे सापडले. त्यातल्या एका पत्रात एक शिपाई आपल्या वरिष्ठाला कळवतो, की आम्ही लाखीशच्या जाळाच्या खुणांवर नजर ठेवून आहोत, कारण अजेका आम्हाला दिसत नाही. अजेका पडलं होतं की नुसतं डोंगराआड होतं, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो वाद आपण सोडून देऊ. पण ज्या दिवसांविषयी आपण बोलतोय ते दिवस असे होते.

तर अशा वेळी सिद्कीया राजा यरुशलेमेतल्या लोकांशी करार करतो. प्रत्येकाने आपला इब्री दास आणि इब्री दासी मोकळी करायची. आपल्याच यहूदी भावाला कुणी गुलाम म्हणून ठेवायचं नाही. सरदारांनी मानलं, लोकांनी मानलं, गुलाम सुटले. करार साधा नव्हता. देवाच्या मंदिरात झाला. वासरू कापून त्याचे दोन भाग समोरासमोर ठेवले आणि करार करणारी माणसं त्या दोन भागांच्या मधून चालत गेली. अर्थ उघड आहे. शब्द मोडला तर माझंही या वासरासारखं होवो.

मग काय झालं? मिसरमधून फारोचं सैन्य निघाल्याची बातमी आली. हा भाग चौतिसाव्या अध्यायात नाही, सदतिसाव्यात आहे, दोन्ही एकत्र वाचावे लागतात. खास्द्यांनी वेढा उठवला. आणि वेढा उठताच मालकांनी त्याच माणसांना परत धरून आणून पुन्हा दास-दासी केलं.

आता थोडं थांबू. बायबलमध्ये पाप करणारी माणसं ठिकठिकाणी भेटतात. पण सुटका देऊन ती काढून घेणारी माणसं, तीही सामुदायिकपणे, मंदिरातल्या शपथेनंतर, आम्हाला तरी दुसरीकडे भेटलेली नाहीत. फारोची आठवण होते खरी. फारोही काही पीडांच्या वेळी ‘जा’ म्हणतो, आणि बेडूक मेले, गारा थांबल्या की शब्द फिरवतो. लेखकाने ‘फारो’ हे नाव इथे मालकांना लावलेलं नाही. गरजच नाही. संकट आलं की सोडायचं, संकट टळलं की धरायचं, हा निर्गमातल्या फारोचाच क्रम आहे. मिसरमधून ज्यांना सोडवलं त्यांच्या वंशजांत फारो निघाला, आणि त्यांना वाचवायला जे सैन्य आलं तेही फारोचंच. ही गंमत म्हणायची की शोकांतिका, तुम्ही ठरवा.

मूळ इब्रीकडे थोडं बघू. फार नाही, तीन शब्द.

पहिला ‘शूव’. म्हणजे फिरणं, वळणं, परतणं. पश्चात्तापालाही इब्रीत हाच शब्द, कारण पश्चात्ताप म्हणजे मागे वळणं. या पंधरा वचनांत हा धातू सहा वेळा येतो. लोक देवाकडे फिरले, म्हणजे त्यांनी योग्य ते केलं. मग ते पुन्हा फिरले, म्हणजे शब्दाला फिरले. मग त्यांनी गुलामांना परत फिरवून आणलं. आणि शेवटच्या वचनात देव म्हणतो, की निघून गेलेल्या त्या सैन्याला मीही परत फिरवून आणीन. मराठीत ‘फिरणे’ या क्रियापदाने हे सगळं जवळजवळ जसंच्या तसं उतरतं. पण आपल्या भाषांतरांत दर ठिकाणी वेगळं क्रियापद येतं आणि तो फास दिसत नाही. भाषांतर सुबक होतं आणि मजकुराचा कणाच निघून जातो.

दुसरा शब्द ‘कावश’. पायाखाली घालणं, दडपणं. सुटलेल्यांना पुन्हा गुलाम केलं, यासाठी हा शब्द आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाने पृथ्वी सत्तेखाली आणावी असं म्हटलंय, तिथे हेच क्रियापद आहे. म्हणजे जमिनीशी करायची गोष्ट माणसाशी केली.

तिसरा शब्द ‘दरोर’. सुटका, मुक्तता. आजचं सगळं त्याच्यावर उभं आहे. बाबिलोनच्या अक्कदी भाषेत त्याचा सख्खा भाऊ आहे, ‘अंदुरारुम’. तिकडचे राजे गादीवर आल्यावर, किंवा परिस्थिती फारच बिघडली की, फर्मान काढून कर्जं माफ करत आणि कर्जापायी गुलाम झालेल्यांना घरी पाठवत. अम्मीसादुका राजाचं असं फर्मान आपल्यापर्यंत पोहोचलं आहे, इ. स. पू. सतराव्या शतकातलं. सिद्कीयाने केलं ते या जातीचं काम होतं. एकदाच, सरसकट, राजाच्या हुकमाने.

पण यिर्मया आठवण कशाची देतो? वेगळ्याच गोष्टीची. तो म्हणतो, तुमच्या पूर्वजांना दास्यगृहातून बाहेर काढलं त्या दिवशीच करार झाला होता, की विकल्या गेलेल्या इब्री भावाने सहा वर्षं राबावं आणि सातव्या वर्षी त्याला सोडावं. हा नियम अनुवादाच्या पंधराव्या अध्यायातला. यात राजा लागत नाही, फर्मान लागत नाही. प्रत्येक गुलामाचं स्वतःचं घड्याळ असतं. नियम पाळला असता तर सिद्कीयाला सोडायला उरलं असतं कोण? म्हणजे ज्या एका कृत्याबद्दल देव त्यांना ‘योग्य केलंत’ म्हणतो, तेही थकबाकी चुकती करणं होतं. पुण्य नव्हे, थकबाकी. आणि तीही थोड्याच काळात परत काढून घेतली.

ही थकबाकी केवळ सिद्कीयाच्या पिढीची नव्हती. १९६२ मध्ये वादी दालिया इथल्या गुहेत शोमरोनहून पळून आलेल्या लोकांची कागदपत्रं सापडली, इ. स. पू. चौथ्या शतकातली. त्यांत बरीचशी गुलामांची खरेदीखतं आहेत. विकल्या गेलेल्यांची नावं वाचली तर अनेकांच्या नावात याहवेचं नाव गुंफलेलं आहे. आणि खतात लिहिलंय काय, तर विक्री कायमची. सहा वर्षांचा उल्लेखच नाही. कायदा ग्रंथात होता, बाजार बाजाराच्या पद्धतीने चालत होता. आपल्याला हे फार परकं वाटायला नको.

आता न्यायाकडे येऊ. मालकांना देव जे सांगतो त्याचा आशय असा, की तुम्ही आपापल्या भावाला दरोर जाहीर केला नाहीत, तर आता मी तुम्हाला दरोर जाहीर करतो. कुणाच्या हवाली? तलवारीच्या, रोगराईच्या आणि दुष्काळाच्या. तोच शब्द, तेच क्रियापद. तुम्ही आता मोकळे, म्हणजे माझ्या संरक्षणातून मोकळे. मालक नसलेली गुरं जशी मोकळी असतात तसे. आणि जे वासराच्या मधून चालले, त्यांची प्रेतं पाखरांना आणि रानातल्या जनावरांना पडतील.

साहित्य म्हणून पाहिलं तर हे वाक्य थरारक आहे. शिक्षा बाहेरून आणलेली नाही, गुन्ह्याच्याच शब्दांतून काढली आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आम्ही याच अध्यायावर बोललो होतो आणि तेव्हा इथेच थांबलो होतो. टाळ्याही मिळाल्या होत्या. (हशा) पण आज आम्हाला तिथे थांबता येत नाही, आणि ते का, हे सांगण्यासाठीच खरं तर आजचं व्याख्यान आहे.

अडचण अशी. तलवार, रोगराई आणि दुष्काळ ही तिन्ही वेढ्यातल्या शहरावर येतात तेव्हा दार कुणाचं आहे हे बघत नाहीत. दुष्काळात आधी कुणाच्या ताटातली भाकरी जाते? मालकाच्या की दासीच्या? ज्यांच्यावर अन्याय झाला म्हणून न्याय येतोय, तेच त्या न्यायाच्या वाटेत उभे आहेत. अध्यायभर त्यांचं काय होणार, याबद्दल एक अक्षर नाही. ती माणसं बोलतही नाहीत. एवढंच कळतं, की त्यांना त्यांच्या मनासारखं जाऊ दिलं होतं आणि मग परत आणलं. मधल्या त्या काळात ती कुठे राहिली, कुणाच्या ओसरीवर झोपली, कुणी लेकरांना भेटली का, हे ग्रंथाला माहीत नाही किंवा त्याला त्याची गरज वाटत नाही.

हे फक्त यिर्मयाचं नाही. निर्गमाच्या अकराव्या अध्यायात शेवटच्या पीडेची घोषणा आहे. मिसरमधले सगळे प्रथमजन्मलेले मरतील, सिंहासनावरच्या फारोच्या मुलापासून जात्यामागे बसलेल्या दासीच्या मुलापर्यंत. आता ही दासी. ती दळते आहे. तिने कुणाला गुलाम केलं? गुलामांच्या सुटकेची जगातली सर्वांत मोठी कथा आणि तिच्यात एका दासीचा मुलगा मरतो. जुन्या टीकाकारांना हे दिसलं नव्हतं असं समजू नका. अकराव्या शतकातला राशी हाच प्रश्न विचारतो, आणि उत्तर देतो, की या दासीही इस्राएलांना राबवत आणि त्यांच्या दुःखावर हसत. उत्तर विद्वानाचं आहे, पण मुळात तसं काही लिहिलेलं नाही. प्रश्न टोचला म्हणून उत्तर जुळवलं, एवढं त्यातून नक्की कळतं. आम्हाला राशीचा प्रश्न मोठा वाटतो, उत्तर नव्हे. तालमूदात एक गोष्ट आहे, की मिसरी बुडत असताना देवदूत गाऊ लागले तेव्हा देवाने त्यांना गप्प केलं. आपल्या हातची निर्मिती बुडत असता गाणं कसलं, असा त्याचा रोख. तीही त्याच टोचणीतून आली असावी.

या टोचणीचा आपल्या भागाशी एक धागा आहे, तो सांगायला हवा. कोकणात तेल गाळणारे बेने इस्राएल, ज्यांना शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत, ते दर वर्षी वल्हांडणाला मिसरमधून सुटल्याची कथा घरात बसून वाचत आले. १८७४ साली पुण्यात त्यांची हग्गादा चित्रांसह छापली गेली, इब्री आणि मराठी शेजारी शेजारी. बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका त्या चित्रांत साडी नेसून बसलेल्या आहेत. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ निघाली, अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलेली. या दोन पुस्तकांचा एकमेकांशी संबंध होता असं आम्ही म्हणत नाही. पण एकाच शहरात, वर्षभराच्या अंतराने, मराठी वाचणाऱ्याच्या हाती हे दोन्ही पडू शकत होतं. फुल्यांनी शब्द निवडला ‘गुलाम’. आपल्या पवित्र शास्त्राच्या भाषांतरांत शब्द आहे ‘दास’. आणि ‘दास’ म्हटलं की आपल्या कानाला काय ऐकू येतं? रामदास, तुळशीदास. भक्ती, नम्रता. इब्रीतही ‘एबद’ हा शब्द दोन्हीकडे चालतो हे खरं. मोशेलाही देवाचा एबद म्हटलंय, निर्गमाची मागणीसुद्धा फारोची चाकरी सोडून देवाची चाकरी करू द्या अशीच आहे. पण चौतिसाव्या अध्यायात जो परत धरून आणला, तो दास नव्हे. तो गुलाम आहे. तिथे ‘दास’ लिहिलं की मालकाचा हात मऊ होतो.

एक हिशोब आणखी करायचा राहिला, तो सर्वांत कटू आहे. सुटका कुणाची? इब्री भावाची. फक्त त्याची. लेवीय पंचवीसमध्ये हा ‘दरोर’ पन्नासाव्या वर्षी देशभर जाहीर करायचा हुकूम आहे. फिलाडेल्फियाच्या त्या प्रसिद्ध घंटेवर कोरलेला मजकूर तिथलाच, आणि तिला ‘लिबर्टी बेल’ हे नाव गुलामगिरीच्या विरोधकांनीच लोकप्रिय केलं. पण त्याच अध्यायात, थोडं पुढे, परकीयांना कायमचे गुलाम म्हणून विकत घ्या, मुलांना वारशाने द्या, अशी परवानगी आहे. वरचं वचन घंटेवर गेलं, खालचं मळेवाल्यांच्या खिशात. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलमधले निवडक भाग छापले, त्यात मिसरमधून सुटकेची कथा वगळलेली होती. छापणाऱ्यांना कुठलं पान धोक्याचं आहे ते बरोबर ठाऊक होतं. पण लेवीयातली परवानगी काही त्यांनी बाहेरून घुसवलेली नाही. ती तिथे आहेच. ती नाही असं भासवणं हा आदर नव्हे.

मग यिर्मयाचं पुस्तक इथेच संपतं का? नाही. आणि इथे आम्हाला त्या अज्ञात संपादकाबद्दल, ज्याने ही पानं या क्रमाने लावली, मोठा आदर वाटतो. चौतिसाव्या अध्यायानंतर चार पानं पुढे जा. यिर्मयाला सरदारांनी हौदात टाकलंय, चिखलात. त्याला बाहेर कोण काढतो? राजवाड्यातला एक कूशी, म्हणजे आफ्रिकन माणूस, एबद-मलेख. नावाचा अर्थच ‘राजाचा दास’. ही पदवी मोठ्या अधिकाऱ्यांनाही असे, त्यामुळे तो अगदी तळाचा गुलाम होता असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण सिद्कीयाचं फर्मान इब्री दासांसाठी होतं, आणि हा कूशी. मंदिरात वासरू कापलं गेलं त्या दिवशी या माणसाच्या आयुष्यात काहीच बदललं नसेल. तो राजाशी बोलतो, परवानगी मिळवतो, कोठारातून जुन्या चिंध्या आणतो आणि दोरांबरोबर खाली सोडतो. यिर्मयाने त्या काखेत धराव्यात, म्हणजे दोर काचणार नाही. चिंध्यांचा हा तपशील लिहिणाऱ्याने गाळला नाही. अध्याय चौतीसमध्ये गुलामांची नावं नाहीत, चेहरे नाहीत. इथे एकाला दोन्ही मिळालं.

शहर पडलं, इ. स. पू. ५८६ मध्ये. काही जण ५८७ धरतात. सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली, मग त्याचे डोळे काढले आणि साखळदंड घालून त्याला बाबेलला नेलं. एकोणचाळिसाव्या अध्यायाच्या शेवटी देव एबद-मलेखला निरोप पाठवतो, की तू वाचशील. त्या शहरात नाव घेऊन असा निरोप या परक्याला मिळतो.

आणि त्याच्या जरा आधी, दहाव्या वचनात, एक वाक्य आहे. त्यावरून वाचकाची नजर सहज घसरते. बाबेलचा सेनापती नबूजरदान याने ज्यांच्याकडे काहीच नव्हतं अशा गरीब लोकांना यहूदात मागे ठेवलं आणि त्यांना द्राक्षमळे आणि शेतं दिली. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते कोण? वेढ्याच्या वर्षात सोडलेले आणि परत धरलेले लोक त्यांत असतीलच असं मजकूर सांगत नाही. आमचा तर्क आहे, की असणार. नसले तर मग ते गेले कुठे? अनुवाद सांगतं, की सातव्या वर्षी गुलाम सोडताना त्याला रिकाम्या हाती पाठवू नका, कळपातलं, खळ्यातलं, द्राक्षकुंडातलं द्या. यरुशलेमेच्या धन्यांनी ते दिलं नाही. देऊन गेला तो शहर जाळणारा सेनापती. लेखक याला देवाचा न्याय म्हणत नाही, दया म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. वाक्य लिहून पुढे जातो.

जिन्यातले ते गृहस्थ आज आले आहेत, मागच्या रांगेत दिसतायत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘होय’ आहे, ते आता सविस्तर दिलं. पुढच्या वेळी येताना नहेम्याचा पाचवा अध्याय वाचून या. बाबेलहून परत आलेल्या लोकांत कर्जापायी मुली गहाण पडतात, आणि ‘कावश’ हा शब्द तिथे पुन्हा येतो. या वेळी मात्र तो मालकांच्या तोंडावर बोलला जातो, आणि बोलतात त्या मुलींचे आई-बाप.